चाकांवरचा पाणवठा
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत शिबिर-समितीच्या वतीने केलेले भाषण)



या व्याख्यानमालेत आजवर साहित्य, संगीत, संतवाङ्मय आणि इतिहास अशा विषयांवर विद्वज्जनांची भाषणे झाली. त्या पंगतीत बसून नळ, तोटी, टाकी आणि वायसर यांच्याविषयी बोलावयाचे म्हणजे थोडे धारिष्ट्याचेच काम होय. परंतु जीपमागे जोडावयाच्या आपल्या छोट्या शिबिरगाडीत आम्ही पाण्याची जी व्यवस्था केली, तिच्याविषयी सभासद वरचेवर विचारणा करीत असतात. तेव्हा एकदा सर्वांसमक्ष तिची हकिकत सांगावी, आणि ती स्मरणिकेत छापून ठेवावी, म्हणजे अन्य प्रांतांतील मराठी मंडळांनाही तिचा उपयोग होईल, असे कार्यकारिणीने ठरविले. त्या आज्ञेचे पालन करण्यासाठी आम्ही येथे उभे आहोत.

जबलपूरसारख्या गावी असे काम हाती घेणे तसे अवघड नाही. येथे १९०४ पासून तोफगाड्यांचा कारखाना आहे, नंतर मोटारगाड्यांचाही झाला. आणि आपल्या मंडळातील निम्म्या घरांत तरी कोणी ना कोणी पाना-पकड हाती धरून आयुष्य घालविलेले आहे. हात होते, हत्यारे होती. प्रश्न होता तो एवढाच की, थोड्या पैशांत, बाजारात सहज मिळणाऱ्या वस्तूंनी, आणि कोणाही गृहिणीला वा शाळकरी मुलाला चालविता येईल अशी पाण्याची सोय कशी करावी?

गरज कोणाची?

प्रथम हे काम करावेसे का वाटले ते सांगितले पाहिजे. भेडाघाट असो, अमरकंटक असो की पचमढी असो, आपल्या मंडळाच्या कौटुंबिक सहली ही आपल्याकडची एक जुनी प्रथा आहे. परप्रांतात वाढणाऱ्या आपल्या मुलांच्या कानांवर दोन दिवस अखंड मराठी पडते ते अशा वेळीच. परंतु गेली काही वर्षे या सहलींतून दोन प्रकारची माणसे हळूहळू गळू लागली होती: एक वृद्ध मंडळी आणि दुसरी तान्ह्या मुलांच्या आया. "तुम्ही जा, मी घर सांभाळते," असे आजी म्हणत आणि आपणही फारसा आग्रह करीत नसू. कारण विचारले तर गुडघ्यांचे नाव पुढे होई. पण खोलात शिरून पाहिले तेव्हा असे आढळले की, गुडघ्यांइतकाच तो पाण्याचा प्रश्न होता. उतरावे तेथे हात धुण्याची सोय नाही, औषधाच्या गोळीबरोबर घ्यावयाचे पाणी कोठले याची खात्री नाही, आणि बादलीभर पाणी लांबून आणण्याचे काम ठरलेल्या हातांवरच पडावयाचे. आणखी एक गोष्ट आमच्या भगिनी-सभासदांनी स्पष्टपणे सांगितली, आणि ती येथे सांगण्यात संकोच करण्याचे कारण नाही: प्रवासात गैरसोय होऊ नये म्हणून अनेक स्त्रिया मुद्दाम पाणी कमी पितात. उन्हाळ्याच्या दिवसांत ही सवय मूत्रमार्गाच्या विकारांना आणि उष्माघाताला निमंत्रण देणारी आहे.

तात्पर्य, गाडीत पाणी असणे ही चैनीची बाब नव्हे. सहलीला कोण येणार आणि कोण मागे राहणार, हे ती ठरविते.

वाहते पाणी आणि वाहिलेले पाणी

पाणी बरोबर घेऊन हिंडण्याची कला आपल्याला परकी नाही. खांद्यावरची कावड, बैलाच्या वा रेड्याच्या पाठीवरची पखाल, भिश्त्याची मशक, यात्रेकरूचा कमंडलू ही सारी चालत्या माणसाची पाणीयोजनाच होय. काशीची गंगा कावडीतून रामेश्वराला नेत असता नाथांनी ती तहानेल्या गाढवाच्या मुखी घातली, ही कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. त्या कथेतील कावड ही भक्तीची खूण तर आहेच, पण शेकडो कोस पाणी न सांडता नेण्याचे ते एक साधनही आहे. आमच्या नर्मदाकाठी परिक्रमावासी अजूनही हाती पात्र घेऊनच चालतात.

पाश्चात्त्य देशांत हौसेने घरगाडी घेऊन हिंडण्याची प्रथा सव्वाशेहून अधिक वर्षांची आहे. गॉर्डन स्टेबल्स नावाच्या नौदलातील निवृत्त डॉक्टराने १८८५ मध्ये 'वाँडरर' नावाची घोड्यांची घरगाडी खास बांधून घेतली आणि तीतून इंग्लंडपासून स्कॉटलंडातील इन्व्हर्नेसपर्यंत प्रवास केला. अशा हौशी लोकांचा कॅरॅव्हॅन क्लब १९०७ मध्ये तेथे स्थापन झाला. आज त्या देशांतील गाड्यांत पंप, टाक्या, उष्णोदक अशी सारी सिद्धता असते. पण तिची किंमत आपल्यासारख्यांच्या आवाक्याबाहेरची. त्यांच्याकडील एक साधी युक्ती मात्र घेण्याजोगी आहे. पाण्याचे पिंप उचलून आणण्याऐवजी ते आडवे करून, दांडीला धरून, जमिनीवरून लोळवीत आणावयाचे. दक्षिण आफ्रिकेत १९९१ मध्ये याच तत्त्वावर ९० लिटरचे 'हिप्पो रोलर' तयार झाले, ते मात्र हौसेसाठी नव्हे; डोक्यावरून पाणी वाहणाऱ्या खेड्यांतील स्त्रियांचा भार हलका करावा यासाठी.

आणि चाकांवरच्या पाण्याचे सर्वांत मोठे उदाहरण आपल्या महाराष्ट्रातलेच आहे. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून निघालेली पाण्याची आगगाडी लातुरास पोहोचली. पहिल्या खेपेस दहा वाघिणींत सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. त्या उन्हाळ्यात 'जलदूत' या नावाने ती सर्वतोमुखी झाली. आपल्यापैकी अनेकांचे आप्तस्वकीय त्या भागात आहेत; त्यांना पाण्याचे मोल शब्दांनी सांगण्याची आवश्यकता नाही.

किती पाणी?

कोणत्याही पाणीयोजनेचा आरंभ टाकीपासून न होता त्रैराशिकापासून होतो. शहरातील घराला दरमाणशी दररोज १३५ लिटर पाणी द्यावे असे आपल्या देशातील नगर-पाणीपुरवठ्याचे प्रमाण आहे. खेड्यांतील नळयोजनांसाठी ५५ लिटर धरतात. आणि आपत्तिग्रस्तांच्या छावण्यांसाठी 'स्फिअर' या नावाने ओळखले जाणारे जे आंतरराष्ट्रीय मानदंड आहेत, त्यांत किमान १५ लिटर सांगितले आहेत. आपली गाडी या सर्वांच्या खालच्या पायरीवर, कारण स्नान आणि शौच यांची सोय मुक्कामाच्या ठिकाणी होते असे आम्ही गृहीत धरले. उरले ते असे: पिण्यास ३ लिटर, स्वयंपाकास २ लिटर, आणि हात, तोंड व भांडी धुण्यास ५ लिटर. माणशी १० लिटर. चार माणसांच्या कुटुंबास दिवसाला ४० लिटर. यांपैकी निम्मे, म्हणजे २० लिटर, पोटात जाणारे आणि निम्मे वापराचे. हा भेद ध्यानात ठेवावा, कारण पुढील सारी रचना त्यावर उभी आहे.

आता वजनाचा विचार. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो. दिवसाचे ४० लिटर, आणि अडीअडचणीला पिण्याचे आणखी २० लिटर, मिळून ६० किलो. म्हणजे एक प्रौढ माणूसच गाडीत बसविल्यासारखे झाले. आणि हा माणूस एका जागी स्वस्थ बसणारा नव्हे. अर्ध्या भरलेल्या मोठ्या टाकीतील पाणी वळणावर हिंदकळते आणि लहान गाडीला बाजूला ओढते. म्हणून आम्ही एक मोठी टाकी बसविण्याचा विचार सोडून २० लिटरची तीन स्वतंत्र भांडी घेतली. त्यांत आणखी तीन लाभ झाले. रिकामे भांडे नळापर्यंत नेता येते. उन्हात पालथे घालून वाळविता येते. आणि एकातले पाणी बिघडले तरी बाकीची दोन सुरक्षित राहतात.

ही भांडी आसाच्या बरोबर वर किंवा किंचित पुढे, शक्य तितकी खाली आणि पट्ट्यांनी आवळून ठेवली आहेत. मागच्या बाजूला वजन गेले तर जोडगाडी रस्त्यावर शेपटीसारखी हलू लागते, आणि वेग वाढला की ते आवरणे कठीण होते. गाडीच्या एकूण वजनाचा सुमारे दहावा हिस्सा पुढील जोडावर पडावा असे साधारण प्रमाण धरतात. मात्र जीपच्या निर्मात्याने घातलेली मर्यादा ओलांडावयाची नाही. ओघात एक सूचना करून ठेवतो. मोटारवाहन कायद्याच्या १९८८ च्या व्याख्येत ट्रेलरही 'मोटारवाहन' या संज्ञेत येतो. तेव्हा त्याची रीतसर नोंदणी केल्यावाचून तो रस्त्यावर आणू नये.

भांडे कसे निवडावे?

या बाबतीत काटकसर करू नये. अन्नपदार्थांसाठीच बनविलेले, जाड प्लॅस्टिकचे, नवे भांडे घ्यावे. बुडाशी त्रिकोणात २ हा आकडा असला म्हणजे ते उच्च घनतेच्या पॉलिथिनचे असे समजते. पण आकडा हे केवळ प्लॅस्टिकच्या जातीचे चिन्ह आहे, ते अन्नयोग्य आहे की नाही हे वेगळे पाहावे लागते. रंग, रसायन, कीटकनाशक वा वंगणतेल यांचा रिकामा डबा कितीही घासला तरी पाण्यासाठी वापरणे हा निव्वळ अविचार होय. भांड्याचे तोंड हात आत घालून घासता येईल इतके रुंद असावे. ते अपारदर्शक असल्यास उत्तम, कारण प्रकाश लागला की शेवाळ धरते. पिण्याच्या पाण्याचे जे पारदर्शक जार बाजारात मिळतात, त्यांना आमच्या भगिनींनी जाड निळ्या कापडाचे अभ्रे शिवले आहेत. उन्हापासून रक्षण, शेवाळापासून बचाव, आणि जरा शोभाही. अशी एका अभ्र्यात तीन कामे साधली.

पाणी वर कसे चढवावे?

पाण्याचा स्वभाव खाली वाहण्याचा आहे, आणि ज्यांनी त्या स्वभावाचा मान राखला त्यांच्या योजना शतकानुशतके टिकल्या. बऱ्हाणपूरचा कुंडी भंडारा सतराव्या शतकाच्या आरंभीचा. भूगर्भातून केवळ उताराने शहरापर्यंत पाणी आणणारा. पेशव्यांच्या काळी कात्रजच्या तलावातून नळाने पुण्याच्या हौदांत पाणी खेळविले, तेही उतारानेच. मोटर नव्हती, वीज नव्हती. होता तो पातळीतला फरक.

तोच नियम आम्ही गाडीत वापरला. आपण शहरात राहणारे लोक घरी काय करतो? जमिनीखालच्या टाकीत पाणी साठवितो, पंपाने ते गच्चीवरच्या टाकीत चढवितो, आणि मग नळाला ते आपोआप येते. गाडीतही खाली वापराच्या पाण्याचे २० लिटरचे भांडे आणि वर फळीवर १० लिटरचा छोटा कॅन अशी योजना आहे. वरच्या कॅनचा तळ तोटीपासून अर्धा मीटर उंच आहे. एक मीटर उंचीच्या पाण्याचा दाब दर चौरस सेंटिमीटरला एक दशांश किलो भरतो. तेव्हा आपल्याकडे त्याच्या निम्माच दाब आहे. घरच्या नळाची ऐट त्याला येणार नाही. परंतु दहा मिलिमीटर पोकळीच्या आखूड नळीतून मिनिटाला तीन-चार लिटर पाणी येते, आणि हात धुण्यास ते भरपूर होते. किंबहुना धार बारीक असणे हाच येथे गुण आहे.

वर चढविण्यासाठी बारा व्होल्टवर चालणारा, पाण्यात बुडवून ठेवावयाचा लहान पंप वापरला आहे. विजेची चिंता करण्याचे कारण नाही. दहा लिटर पाणी एक मीटर उचलण्यास शास्त्रानुसार सुमारे शंभर ज्यूल ऊर्जा लागते. एक वॉटचा दिवा पावणेदोन मिनिटे जळावा इतकीच. प्रत्यक्षात लहान पंप यापेक्षा कितीतरी उधळे असतात. आपला पंप तीन ते चार अँपिअर प्रवाह घेतो आणि दिवसाच्या २० लिटरसाठी चार मिनिटे चालतो. म्हणजे खर्च दिवसाला पाव अँपिअर-तासाच्या आसपास. संगणकाच्या यूपीएसमध्ये असते तशी सात अँपिअर-तासांची लहान बॅटरी आठवडाभर सहज पुरते. वायरीत बॅटरीजवळच पाच अँपिअरचा फ्यूज घालावा. बटण असे असावे की बोट धरले तोवरच पंप चालावा. म्हणजे कोणी विसरून गेले तरी वरचा कॅन ओसंडणार नाही आणि पंप कोरडा फिरून जळणार नाही.

येथे एक बारकावा सांगण्यासारखा आहे. वर जाणाऱ्या नळीचे तोंड कॅनमधील पाण्यात बुडता कामा नये. ते पाण्याच्या पातळीच्या वर मोकळे राहिले पाहिजे. बुडले तर पंप थांबताच तीच नळी उलट्या दिशेने वक्रनळी बनते आणि वर चढविलेले पाणी निमूटपणे खाली परत जाते. तसेच कॅनच्या झाकणाला हवेसाठी लहान छिद्र हवे. छिद्र नसेल तर पाणी बाहेर पडताच आत पोकळी होते आणि तोटी गुळगुळ आवाज करून थांबते. छिद्रावर बारीक जाळी लावावी, म्हणजे डासांना आत प्रवेश नाही.

पंप बंद पडला तर? वरच्या कॅनचे तोंड तांब्याने भरता येईल इतके रुंद ठेवले आहे. शिवाय एकेकाळी घरोघरी रॉकेल काढण्यासाठी जो हाताने दाबावयाचा पंप असे, तो एक नवा आणून ठेवला आहे. नवा हा शब्द महत्त्वाचा. रॉकेलास लागलेला पंप पाण्याला कदापि लावू नये. प्रवासात मात्र वरचा कॅन नेहमी रिकामा ठेवावयाचा. उंचावर वजन असलेली गाडी वळणावर कलते.

जोडकामाविषयी चार शब्द पुरेत. कॅनला भोक पाडून त्यात टँक-निपल बसवावे. दोन्ही बाजूंना रबरी वायसर असावे. आट्यांवर टेफ्लॉनची पट्टी गुंडाळावी. नळीचे टोक गरम पाण्यात क्षणभर बुडविले की मऊ होऊन निपलवर सहज चढते. मग त्यावर क्लिप आवळावी. नळी सर्वत्र एकाच उताराने न्यावी आणि सर्वांत खालच्या जागी निचऱ्याची तोटी ठेवावी, म्हणजे परत आल्यावर थेंबभरही पाणी आत कुजत राहणार नाही. दिल्ली वा त्यापलीकडे पहाडात जाणाऱ्या मंडळांनी हे विशेष ध्यानी धरावे, कारण पाणी गोठताना सुमारे एक एकादशांशाने फुगते आणि नळी फोडते.

पिण्याचे पाणी वेगळे

पिण्याचे दोन जार आम्ही या साऱ्या नळजोडणीपासून अलग ठेवले आहेत. त्यांवर बाजारात मिळणारा साधा दाबपंप बसविला आहे. वरचा फुगा तळहाताने दाबला की जारमध्ये हवा शिरते, ती पाण्याला खाली दाबते, आणि पाणी नळीतून वर येऊन पेल्यात पडते. माठात पेला बुडवावयाचा नाही, ओगराळ्यानेच पाणी घ्यावयाचे, ही आपल्या घरांतील जुनी शिस्त आहे. दाबपंप हे तिचेच आधुनिक रूप होय. चार वर्षांच्या मुलालाही ते जमते, आणि आजीला जार कलंडवावा लागत नाही.

स्वच्छतेचे नियम आम्ही गाडीच्या दाराच्या आतील बाजूस मोठ्या अक्षरांत लावले आहेत. सहलीच्या आधी प्रत्येक भांडे घासून घ्यावे. मग २० लिटर पाण्यात पाच टक्के क्लोरिनचे, सुगंध नसलेले विरंजक द्रावण २० मिलिलिटर मिसळून ते भांड्यांत व नळ्यांत तासभर ठेवावे, आणि नंतर वास जाईपर्यंत स्वच्छ पाण्याने खळबळून काढावे. हे द्रावण धुण्यासाठी आहे, पिण्यासाठी नव्हे. पिण्यासाठी घरचेच शुद्ध पाणी भरून न्यावे. वाटेत भरण्याची वेळ आली तर गढूळ पाणी प्रथम निवळू द्यावे, तुरटी फिरवावी. आपल्या आज्या निवळीची बी सहाणेवर उगाळून पाण्यात घालीत, तेही याच कामासाठी. मग स्वच्छ फडक्यातून गाळून ते उकळावे. खळखळून उकळी फुटल्यावर एक मिनिट पुरे. दोन हजार मीटरपेक्षा अधिक उंचीवर तीन मिनिटे. पचमढी व अमरकंटक ही दोन्ही सुमारे एक हजार मीटर उंचीची ठिकाणे, तेव्हा तेथे एक मिनिट चालते. इंधन नसल्यास क्लोरिनच्या गोळ्या वेष्टनावरील प्रमाणात घालून अर्धा तास थांबावे. परंतु काही परजीवींची कवचे क्लोरिनला दाद देत नाहीत; म्हणून उकळणे हाच अधिक खात्रीचा उपाय. आणि नदीचे पाणी पवित्र असले तरी ते निर्जंतुक असतेच असे नाही. श्रद्धेने आचमन करावे. लहान मुलाच्या दुधात मात्र उकळलेलेच पाणी घालावे.

सांडपाणी

पाणी आणणे हे अर्धे काम. वापरलेल्या पाण्याची वाट लावणे हे दुसरे अर्धे. तोटीखालच्या कुंडीची नळी एका झाकणाच्या बादलीत सोडली आहे. भांडी धुण्यापूर्वी ती कागदाने वा चुलीतील राखेने पुसून घ्यावी. त्यामुळे पाणीही कमी लागते आणि तेलकटपणाही कमी उतरतो. बादली भरली की नदी, नाला वा विहीर यांपासून किमान साठ मीटर, म्हणजे सत्तर-ऐंशी पावले, दूर नेऊन मातीवर पसरून ओतावी. माती ते गाळून घेते. ज्या नर्मदेला आपण मैया म्हणून हाक मारतो, तिच्या काठी बसून साबणाचे पाणी तिच्याच पात्रात सोडणे हे तिच्या लेकरांना शोभत नाही. हे काम आम्ही नियमाने पुरुषांकडे दिले आहे, आणि तेही पाटीवर लिहिले आहे.

खर्च आणि फळ

एकूण साहित्य पाहू जाता तीन भांडी, एक कॅन, एक लहान पंप, एक बॅटरी, दोन दाबपंप, चार मीटर नळी, तोट्या, निपले, वायसर आणि क्लिपा. याहून काही नाही. यांतील एकही वस्तू परदेशाहून मागवावी लागली नाही. सारे नळकामाच्या, विजेच्या आणि भांड्यांच्या दुकानांत मिळाले. ज्यांना विजेचा भागही नको असेल त्यांनी पंप व बॅटरी वगळून तांब्यानेच वरचा कॅन भरावा. खर्च आणखी उतरतो आणि योजना तशीच चालते. दोन रविवारांत दोन माणसे हे काम पुरे करू शकतात.

फळाविषयी बोलावयाचे तर, गेल्या हिवाळ्यातील अमरकंटकच्या सहलीत मंडळातील तीन आजी आणि सहा महिन्यांचे एक बाळ होते. तोटीखाली हात धरून एक आजी म्हणाल्या, "बाळांनो, आता माझे नाव यादीतून गाळायचे नाही हं!" याहून निराळे प्रमाणपत्र आम्हांला नको आहे.

दुसरे फळ मुलांच्या बाबतीतले. घरी तोटी फिरविली की पाणी येते. ते कोठून येते आणि किती उरले, हा प्रश्न मुलाच्या मनात उद्भवत नाही. गाडीत मात्र सकाळी भरलेला कॅन त्याच्या डोळ्यांसमोर रिता होत जातो. दुपारपर्यंत पाणी कसे पुरवावे हे तो स्वतः ठरवू लागतो, धाकट्या बहिणीला धार बारीक कर म्हणून बजावतो. ज्यांच्या आजोळी आजही उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात, त्या मुलांना आपल्या मायभूमीची ही एक बाजू पुस्तकावाचून कळते. भाषा जपावयाची म्हणजे केवळ शब्द जपावयाचे नसतात. त्या भाषेतील माणसांनी ज्या गोष्टी मोलाच्या मानल्या, त्यांची जाणही पुढे द्यावयाची असते. पाणी ही त्यांतली पहिली गोष्ट होय.

तहान लागल्यावर विहीर खणू नये, असे आपल्याकडे म्हणतात. उन्हाळी सुटीच्या सहलींना अद्याप अवकाश आहे. शिबिरगाडी मंडळाच्या आवारात उभी आहे; सभासद कुटुंबांना ती क्रमाने मिळते, आणि नोंदवही कार्यालयात ठेवली आहे. गाडी नेणाऱ्याने एवढेच पाहावे की, परत करताना भांडी घासलेली, नळ्या निथळलेल्या आणि बॅटरी भरलेली असावी, म्हणजे पुढच्या घराला ती पहिल्या दिवसाइतकीच उपयोगी पडेल. ज्या मंडळांना अशी योजना करावयाची असेल त्यांना मापे आणि आकृत्या देण्यास आम्ही आनंदाने सिद्ध आहोत.